डॉक्टर झालात, पण लागलात कुठं?

नोकरीतल्या माणसाकडे काय साठतं ते मला फार उशिरा कळलं. बेकार माणसाकडे किस्से साठतात, हे मात्र अगदी लवकर कळलं! नोकरी नसली की माणूस दहा दारं ठोठावतो आणि दहाही ठिकाणांहून हात हलवत परत येतो. येताना हाताशी एखादा किस्सा तेवढा असतो. परवा आम्ही जुने मित्र जमलो होतो. माझ्या नातीने विचारलं, "आजोबा, डॉक्टर कधी बेकार असतो का?" आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि जे हसत सुटलो, ते चहाची दुसरी खेप आली तरी थांबेना.

काळ मोठ्या दुष्काळाच्या आधीचा, सत्तर-एकाहत्तरचा. आम्ही चौघं पुण्याहून एम.बी.बी.एस. होऊन नगरला आलो आणि माळीवाड्याजवळ एक खोली घेऊन राहिलो. सरकारी जागा निघतील तेव्हा निघणार होत्या. खेड्यात दवाखाना टाकावा, तर तिथे म्हातारे डॉक्टर, वैद्य आणि अंगारेवाले आधीच पाय रोवून बसलेले. शहरात टाकावा, तर भाड्यापासून बोंब.

बंड्या देशमुख नेवाशाचा. घरची बागायत, बोलणं ऐसपैस. सॅम्युअल नगरचाच, ख्रिस्ती घरातला, अत्यंत सभ्य. स्टोव्ह भडकला तरी "एक्स्क्यूज मी" म्हणून मागे सरकणारा. विष्णू पाथर्डीकडचा, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला, आमच्यात सगळ्यात हुशार. चौथा मी, कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा. मला जगात दोनच गोष्टींची भीती वाटायची. एक कुत्र्याची आणि दुसरी वडिलांच्या "मग, पुढे काय?" या प्रश्नाची!

* * *

बंड्याने हौसेने दारावर पाटी लावली. चार नावं, प्रत्येक नावापुढे एम.बी.बी.एस. बरेच दिवस त्या पाटीकडे बघून फक्त पोस्टमन हसायचा.

एके सकाळी एक बाई तापलेलं पोर खांद्यावर घेऊन आली. पेशंट! आम्ही चौघंही एकदम उठलो. सॅमने छाती ऐकली, मी पाठ ऐकली, विष्णूने घसा बघितला, बंड्याने डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. मग पुन्हा जागा बदलून तेच. मग कोपऱ्यात जाऊन आम्ही इंग्रजीत चर्चा सुरू केली. वास्तविक साधी सर्दी होती. पण इतक्या दिवसांनी मिळालेला पेशंट दोन मिनिटांत कोण सोडतो?

बाईचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि तिने एकदम हंबरडा फोडला. "आवं, चार चार डाक्टर लागत्यात म्हंजी माझ्या पोराचं काय खरं न्हाई!"

आई रडते म्हणून पोर रडायला लागलं. शेजारीपाजारी धावत आले. घरमालक तर खांद्यावर पंचा टाकून गंभीर चेहऱ्यानेच आले.

"अहो बाई, नुसती सर्दी आहे!" बंड्या ओरडला.

"मग चौघं मिळून काय बघत हुता?"

विष्णूला खोटं बोलता यायचं नाही. तो म्हणाला, "मावशी, दुसरं कुणी आलंच नाही हो!"

दुपारी बंड्याने पाटी उतरवली.

* * *

विष्णू पास झाला तेव्हा त्याच्या गावाने त्याची बैलगाडीतून मिरवणूक काढली होती. गावातला पहिला डॉक्टर! हलगी वाजली, गुलाल उडाला. त्यानंतर तो जेव्हा जेव्हा गावी जायचा तेव्हा एस.टी.तून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न यायचा, "इष्णू, लागला का?"

आमच्याकडे माणूस 'झाला' याला काही किंमत नाही. तो 'लागला' पाहिजे!

गावाने आपले आजार त्याच्यासाठी राखून ठेवले होते. सखूमावशी गुडघा धरून ओट्यावर बसलेली असायची, पण कुणाला दाखवायची नाही. "इष्णू लागू दे, मग दावते."

"मावशी, मी आत्ताच बघतो की!"

"आत्ता नगं. तू अजून लागला न्हाईस. बिनलागल्या डाक्टरचा गुन कसा यील?"

हे सांगताना विष्णू स्वतःच पोट धरून हसायचा. पण एके रात्री हसता हसता थांबला आणि मग त्याने पहिल्यांदाच आम्हाला सगळं सांगितलं.

दसरा झाला की त्याचे आई-वडील बैलगाडी जुंपून नदीकाठच्या एका साखर कारखान्यावर जायचे. हंगामभर उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, राहायचे. दवाखाना होता तो कारखान्याच्या कॉलनीत. कोप्या लांब, उसाच्या फडाच्या कडेला. आदल्या हंगामात आईच्या पायावर कोयता बसला. आज जाऊ, उद्या जाऊ करत तिने जखमेला हळद लावली आणि ऊस तोडत राहिली. दवाखान्यात नेली तोवर पाय टम्म सुजला होता. आई वाचली, पण लंगडी झाली. तेव्हा विष्णू पुण्यात जखमा कशा बांधाव्यात याचा पेपर देत होता.

त्या कारखान्याचे डॉक्टर आता निवृत्त झाले होते आणि हंगामाच्या आत नवा डॉक्टर घेणार होते. विष्णूला ती जागा हवी होती. मिळाली नाही, तर औषध कंपनीची बॅग घेऊन मुंबईत फिरायचं त्याने कबूल केलं होतं, कारण घरी हातभार लावणं भागच होतं.

"दुसरीकडे कुठे बघ ना," मी म्हणालो.

"बघतोय की. चालेल कुठलीही. पण हवी ती एकच."

बंड्यासुद्धा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला. कारण त्या जागेसाठी आम्ही तिघांनीही अर्ज टाकले होते! त्या काळी अर्ज दिसेल तिथे टाकायची पद्धतच होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी अर्ज मागे घेतले. मी 'घरगुती कारण' लिहिलं, सॅमने दिलगिरीचा पानभर मजकूर लिहिला, आणि बंड्याने लिहिलं, "मला उसाचा रस सोसत नाही!"

* * *

मध्यंतरी कुणीतरी सल्ला दिला की नोकरी हवी तर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवा. आम्ही चौघंही गेलो. भली मोठी रांग. फिटर, शिक्षक, ड्रायव्हर, आणि शेवटी आम्ही.

खिडकीतल्या साहेबांनी वर न बघता विचारलं, "शिक्षण?"

"एम.बी.बी.एस."

"टायपिंग येतं?"

"नाही."

"मग अवघड आहे," असं म्हणून त्यांनी वर बघितलं. "काय म्हणालात? एम.बी.बी.एस.? म्हणजे डॉक्टर?" लगेच त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "आता आलाच आहात, तर हा खांदा बघा बरं. वर होत नाही."

सॅमने खांदा बघितला. शेजारच्या टेबलावरच्यांना ॲसिडिटी निघाली. मोठ्या साहेबांनी आत बोलावून ब्लडप्रेशर दाखवलं. हे बघून रांग मोडली आणि सगळे फिटर, शिक्षक, ड्रायव्हर आमच्याभोवती जमले. एकाची पाठ, एकाचे कान, एकाला रात्री झोप नाही. त्याला झोप का येत नाही ते आम्हाला न तपासताच कळलं होतं! दुपारपर्यंत आम्ही अख्खं ऑफिस आणि अख्खी रांग तपासली. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "अधूनमधून येत चला."

जिना उतरताना बंड्या म्हणाला, "बघा, मुलाखत न देता चौघंही लागलो. फक्त पगार नाही!"

* * *

मला एकदा महिनाभराची नोकरी लागली. नेवाशाच्या बाजूला एका गावात एक वयस्कर डॉक्टर काशीयात्रेला निघाले होते. त्यांचा दवाखाना सांभाळायचा होता.

पहिल्या दिवशी बाकड्यावर गर्दी. मी मनातून खूश! पण एकेक जण आत डोकावायचा, मला बघायचा आणि विचारायचा, "म्हातारं कवा येनार?"

"महिन्याने."

"मग तवर दुखू द्या," म्हणून चालता व्हायचा!

जे थोडे थांबले त्यांना मी पुस्तकाप्रमाणे तपासलं, गोड बोललो, रोग समजावून सांगितला. औषधं तीच, डोस तोच. पण कुणालाही बरं वाटेना! शेवटी मी एका शेतकऱ्याला विचारलं, "तात्या, खरं सांगा. माझं काय चुकतंय?"

तात्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "तसं चुकत काय न्हाई. पन म्हातारं कसं, आत पाऊल टाकलं की शिव्या घालतंय. 'गाढवा, तंबाखू खातूस आन् पोट दुखतंय म्हनतूस? चल हो बाहेर!' ऐकलं की निम्मं दुखनं तिथंच पळतंय. तुमी म्हंजी 'या, बसा, कसं वाटतंय'. औषध कडू आन् डाक्टर ग्वाड. गुन कसा यायचा?"

मी शिव्यांचा सराव केला. पण घरचं वळण आड यायचं. दुसऱ्या दिवशी मी एका पैलवानाला सगळा जीव एकवटून म्हणालो, "अहो मूर्ख माणसा!"

पैलवान दचकला. मग त्याने माझ्याकडे काळजीने बघितलं आणि विचारलं, "डाक्टर, तुमाला बरं न्हाई का?"

महिना संपला. म्हातारे डॉक्टर परत आले, दाराशीच कुणावर तरी खेकसले आणि अर्धं गाव त्याच दिवशी बरं झालं.

* * *

बंड्याचा किस्सा दोन भागांत आहे.

भाग पहिला. सरकारी जागेसाठी एका निवड समितीसमोर त्याची मुलाखत झाली. समितीत एक फेटेवाले सभासद होते. त्यांनी विचारलं, "खेड्यात ऱ्हानार का?"

"राहणार!" बंड्या ठणकावून म्हणाला.

"बायको ऱ्हाईल का?"

"अजून लग्न झालेलं नाही."

"मग ऱ्हानार म्हून कशाच्या जिवावर सांगताय?" फेटेवाले म्हणाले. "मागचे दोन डाक्टर बायकोनं नेले. आधी लगीन करा, मग या."

बंड्याने हे मनावर घेतलं. श्रीगोंद्याकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. पण मुलीच्या वडिलांनी निरोप पाठवला होता, "मुलगा आधी कुठेतरी लागू द्या, मग बघू." झालं! नोकरीसाठी बायको पाहिजे आणि बायकोसाठी नोकरी. बंड्या म्हणाला, "दोघांचीही चूक नाही. मीच मधे आलोय!"

भाग दुसरा. बंड्याच्या आईने मध्यस्थ घालून कसाबसा बघण्याचा कार्यक्रम ठरवला. बंड्या नवा बुशशर्ट घालून गेला. पोहे पुढे आले. पहिला घास घेतो न घेतो तोच मुलीच्या आजोबांनी तंगडी पुढे केली. "आलाच हायसा तर ही शीर बघा, जावईबापू."

एवढ्या प्रेमाने जावईबापू म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? आजोबा झाले, मग आजी, मग चुलते. तोवर बातमी गावात गेली. ओसरीवर बायका बसल्या, अंगणात पुरुष उभे राहिले. सरपंचांनी आपलं मूळव्याधीचं गाऱ्हाणं कानात सांगितलं. पोहे गार झाले. शेवटची एस.टी. आली तेव्हा बंड्या धावतच बसमध्ये चढला.

घरी आई वाटच बघत होती. "काय रे, कशी आहे मुलगी?"

बंड्याने कपाळाला हात लावला. "मुलगी? निरोगी असावी बहुतेक. रांगेत नव्हती!"

पुढे त्याचं लग्न त्याच मुलीशी झालं. ती आजही म्हणते, "आमच्या घरातलं सगळ्यांचं काय काय दुखतं ते यांना लग्नाआधीच पाठ होतं. माझं नाव तेवढं विचारावं लागलं."

* * *

सॅमचं इंग्लंडला जायचं ठरलं होतं. तेव्हा इथे नोकरी नाही मिळाली की डॉक्टर इंग्लंडची वाट धरायचे. सॅमच्या ख्रिस्ती मंडळींनी त्याचा झकास निरोप समारंभ केला. भाषणं, प्रार्थना, हार. थंडी असते म्हणून प्रत्येकाने विणलेलं काहीतरी दिलं. सॅमकडे इतके स्वेटर जमले की आम्ही ते उशाला घ्यायचो.

आणि दुसऱ्या दिवशी पत्र आलं. तिकडची जागा लांबणीवर पडली!

आता निरोप दिलेला माणूस गावात दिसायचा कसा? "सगळ्यांनी इतकं मनापासून दिलंय रे," म्हणून सॅम रडवेला झाला. तो आमच्या खोलीत लपून राहायला लागला. रविवारी प्रार्थनेला जायचं बंद. बाहेर पडायचं तर मफलर गुंडाळून, तेही चैत्रात, नगरच्या उन्हात!

एकदा त्याला अगदीच राहवेना. दाढीचं सामान आणायला तो कापडबाजारात गेला आणि समारंभाचे अध्यक्ष असलेले एक आजोबा समोर उभे!

"सॅम्युअल! तू इंग्लंडहून कधी आलास?"

सॅमच्या तोंडून निघून गेलं, "कालच."

"इतक्यात? बरं बरं. मग रविवारी ये आणि सगळ्यांना तिकडचं चार शब्द सांग!"

सॅम आयुष्यात खोटं बोलला ते एवढंच, आणि तेही किती महाग पडलं! रविवारी तो मफलर गुंडाळूनच उभा राहिला. सगळे कान टवकारून बसले. त्याने मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. शेवटी म्हणाला, "मी कुठेही गेलो नव्हतो. मी माळीवाड्यात होतो."

 मग तेच आजोबा उठले आणि म्हणाले, "देवाची कृपा! म्हणजे स्वेटर अजून नवेच असतील. माझ्या नातवाच्या मापाचा एक असेल बघ!"

सॅम नंतर कधीच इंग्लंडला गेला नाही.

* * *

कारखान्याकडून विष्णूला काही उत्तर येत नव्हतं. दसरा जवळ आला. मुंबईची औषध कंपनी कधी रुजू होताय म्हणून विचारायला लागली. विष्णूचं जेवण कमी झालं. आम्ही त्याच्यासमोर ऊस हा शब्दही काढायचो नाही.

शेवटी तो स्वतःच कारखान्यावर जाऊन आला. डॉक्टर निवडायचं काम एका वयस्कर संचालकांकडे होतं. त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. आण्णांचा सगळा जन्म बैल पारखण्यात गेला होता. ते विष्णूला म्हणाले, "हपिसात खुर्चीवर बसलेला मानूस मला कळत न्हाई. सगळी सारखीच दिसत्यात. शनवारी काष्टीच्या बाजारात या. तिथं बघू."

काष्टीचा बैलबाजार म्हणजे केवढा! त्यात हंगामाच्या तोंडावर गाडीवानांची झुंबड. आम्ही तिघं विष्णूसोबत गेलोच. एवढ्या गर्दीत आण्णांनी त्याला ओळखावं म्हणून बंड्याने विष्णूच्या गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून दिला. धुळीत, हजारो बैलांमध्ये, स्टेथोस्कोप घातलेला तो एकटाच!

बाजारात विष्णूचे वडील, आबा, आधीच आलेले होते. त्यांच्या जोडीतला एक बैल थकला होता. उरलेल्याला जोडीदार जुळवायला म्हणून त्यांनी त्यालाच बरोबर आणलं होतं. दुसरे बैल हिंडून बघता यावेत म्हणून त्यांनी त्याचा कासरा विष्णूच्या हातात दिला. तर विष्णू असा उभा: एका हातात बैल आणि गळ्यात स्टेथोस्कोप. तेवढ्यात आण्णा आले.

आण्णांनी आधी बैल बघितला, मग डॉक्टर बघितला. म्हणाले, "चार पावलं चालून दावा."

विष्णू चालला. बैलही चालला. आण्णांनी दोघांनाही मान डोलावली.

"आमचा आधीचा डाक्टर कोप्यांकडं कवाच फिरकला न्हाई. बुटाला चिखल लागतोय म्हनायचा. तुमचं काय?"

"आण्णा, माझा जन्मच कोपीतला आहे," विष्णू म्हणाला. "मला तिकडेच यायचंय."

आण्णांनी त्याच्या धुळीने भरलेल्या बुटांकडे बघितलं. मग खाली उकिडवे बसले आणि म्हणाले, "बसा. आता बोलू."

काष्टीच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि त्याच्याखाली बोटं दाबून किंमत ठरवायची. बघणाऱ्याला काही कळत नाही. आण्णांनी सवयीने उपरणं काढलं आणि हात पुढे केला. विष्णूनेही घाबरत हात पुढे केला. आण्णांनी आपला हात झटकन मागे घेतला.

"छे! मालासंगं कुठं सौदा करत्यात? मालक कुठाय?"

आम्हाला वाटलं थट्टा करतायत. पण आण्णांचा चेहरा बाजारातल्या माणसासारखा पक्का गंभीर! बंड्या पळत गेला आणि आबांना घेऊन आला.

आबा कारखान्याच्या संचालकासमोर कधी बसले नसतील. हंगामात असे लोक जीपमधून यायचे आणि आबा टोपी काढून बाजूला उभे राहायचे. पण हा बाजार होता! त्यांनी धोतर सावरलं, समोर बसले आणि उपरण्याखाली हात घातला.

आण्णांनी बोटं दाबली. आबांनी मान हलवली. आण्णांनी पुन्हा दाबली. आबांनी आभाळाकडे बघितलं. भोवती गर्दी जमली. कुणी विचारलं, "कोनता बैल इकतोय?" दुसरा म्हणाला, "बैल न्हाई, त्यो गळ्यात नळीवाला!" लोक विष्णूला वरपासून खालपर्यंत न्याहाळायला लागले. एकाने तर "दात बघितलं का?" म्हणून विचारलं.

एकदम आबांनी हात बाहेर ओढला आणि उठले. "न्हाई जमत, आण्णा. चल रं इष्णू, घे बैल."

 विष्णूचा चेहरा पांढराफटक पडला. इतके महिने ज्या एका जागेवर डोळे लावून बसला होता, ती समोरून चालली होती. तो कळवळून म्हणाला, "आबा, अहो आबा, मी कितीतही..."

"गप ऱ्हा," आबा मागे न बघता म्हणाले. "माल बोलत नसतो!"

आणि चालायला लागले. पुढे आबा, मागे बैल, बैलामागे रडकुंडीला आलेला एम.बी.बी.एस. आम्ही तिघं जागेवरच थिजलो. सॅम डोळे मिटून प्रार्थना करायला लागला. ते पार लिंबाच्या झाडापर्यंत गेले तेव्हा आण्णांनी हाक मारली.

"ओ म्हातारं! या माघारी. लई चिवट हायसा!"

पुन्हा उपरणं पडलं. या वेळी दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते. आण्णांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी हळूच विचारलं, "ह्ये पैशाचं न्हाई मागत तुमी?"

"न्हाई," आबा म्हणाले.

"आठवड्याला येवढ्या येळा? डाक्टर कोप्यांवर?"

आबांनी नुसती बोटं दाबून धरली.  आण्णांनी एकदा विष्णूकडे बघितलं. मग त्यांनी उपरणं बाजूला केलं आणि आबांच्या हातावर टाळी दिली.

"घेतला!"

"दिला!" आबा म्हणाले.

गर्दीने एकच गलका केला. बंड्याने सॅमला उचललं. विष्णू तसाच कासरा धरून उभा, गालांवरून पाणी वाहतंय. "आबा, काय ठरलं?" तो विचारत होता. "आण्णा, काय ठरलं?" कुणी सांगेना. बाजारातला सौदा तोंडाने सांगायचा नसतो.

आबा त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. त्याच्या हातातला कासरा त्यांनी घेतला. मग त्याच्या गळ्यातला स्टेथोस्कोप दोन्ही हातांनी काढला, नीट गुंडाळला आणि आपल्या पिशवीत घातला.

"अहो आबा, तो कशाला?" विष्णू म्हणाला. "तो मला लागेल!"

"जनावर दिलं तरी गळ्यातलं दावं देत न्हाईत," आबा डोळे पुसत म्हणाले. "दावं घरला न्यायचं असतं."

विष्णूने आण्णांकडे बघितलं. आण्णांनी मान डोलावली.

"रिवाज हाय, डाक्टर," ते म्हणाले. "नवं आमी घालू."